हवालदारांची मान

कुंडलचे हवालदार हंबीरराव आयुष्यात कुणापुढं वाकले नाहीत, हे त्यांच्या बायकोला, राहीबाईला, चाळीस वर्षं ऐकावं लागलं होतं. आता तोच हेका त्यांच्या जिवावर उठला होता. उद्या सकाळी सांगलीच्या दवाखान्यात त्यांच्या मानेचं ऑपरेशन होतं. मणके सरकून आतली नस दाबली गेली होती. हात बधिर झालेले, पाय लटपटत होते.

डॉक्टर शिवांजली वयानं लहान, पण बोलायला रोखठोक. त्यांच्यापुढं दोन कागद होते. एक, सकाळी उभं करून बाजूनं काढलेला मानेचा एक्स-रे. दुसरा, रोजच्या कामात किती अडतं ते विचारणारा दहा प्रश्नांचा फॉर्म.

"मावशी, बहुतेक पेशंटची मान जेवढी पुढं झुकते, तेवढं त्यांचं रोजचं काम अडतं. काकांची मान सरळ दिसतेय आणि फॉर्मवर सगळीकडं 'त्रास नाही'. नस मात्र एवढी दाबलेली. मला हे जुळत नाही. मान सरळ असेल तर मी मागून ऑपरेशन करणार. पण खरं तर ती झुकलेली असेल, तर मागून करून उपयोग नाही. नस दाबलेलीच राहील आणि हातापायांतली उरलेली ताकदही जाईल."

"हाय तेच सांगितलंय," हंबीरराव म्हणाले. "मला कायबी तरास न्हाई."

सकाळी राहीबाईनं दारातून सगळं बघितलं होतं. फोटो काढणाऱ्या राजरत्ननं "काका, हलू नका" म्हणायचा अवकाश, गडी सावधान. टाचा जुळल्या, छाती पुढं, हनुवटी वर. घरात जमिनीकडं बघत भिंत धरून चालणारा माणूस मशीनपुढं खांबासारखा उभा. तोंड लालबुंद झालं, पण पठ्ठ्यानं मान ढळू दिली नाही. आता काय म्हणावं असल्या माणसाला? फोटो निघाला, ते बाहेर आले आणि मान परत छातीवर. वर बायकोकडं बघून डोळे वटारले, तोंड उघडायचं नाही म्हणून.

चारचौघांत तिनं त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. आज बोलली तर ते जन्मात तोंड बघणार नाहीत. न बोलली तर उद्या हात जातील. मागून ऑपरेशन करायच्या कागदावर सही करायला डॉक्टरांनी पेन उचललं.

"बाई, थांबा. ते खोटं हाय."

हंबीरराव तिच्याकडं वळायला गेले. मान वळेना, अख्खं अंग वळवावं लागलं. "राहे, गप बस."

"न्हाई बसत. यांनी सावधान हुबं ऱ्हाऊन फोटो काढलाय. परत काढा."

परत खोलीत नेलं. मशीनपुढं गेल्याबरोबर हनुवटी पुन्हा वर. या वेळी राजरत्न नुसता थांबून राहिला. मिनिट गेलं, दुसरं गेलं. हवालदारांच्या कपाळावर घाम आला. राहीबाई दारातूनच हळू बोलली, "आवं, परेड कवाच संपली. आता हितं कोण बघतंय तुमाला? मीच की."

मान थरथरली. मग हळूहळू खाली आली, पुढं आली आणि तिथंच राहिली.

डॉक्टरांनी नवा फोटो बराच वेळ बघितला. "पुढून करावं लागेल," एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी कोरा फॉर्म घेतला. "काका, पहिल्यापासून सांगा. दुखतं किती?"

"लय. रात्रीचं झोपू देत न्हाई."

"स्वतःचं स्वतः आवरता येतं? अंघोळ, जेवण?"

हंबीररावांनी अख्खं अंग बायकोकडं वळवलं. याचं उत्तर त्या घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं, पोटच्या लेकीलासुद्धा नाही.

"ही भरवती," ते म्हणाले. "दार लावून. दिवाळीपास्नं."

डॉक्टर खाली बघून लिहायला लागल्या. "आणि लिवा," हवालदार म्हणाले, "एक दिस कटाळली न्हाई ती."

राहीबाईनं पदर तोंडाला लावला. दिवाळीपासून अडवून धरलेलं रडू तिला तिथंच, डॉक्टरांसमोर फुटलं.