निरंक खोडणारी आत्या

आत्या गेल्याचं फोनवर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांतल्या बहुतेकांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "गाडीवरून पडल्या का?" नाही. शकुंतला आत्या टेंभुर्णीत आपल्या घरी, दुपारी, गवारीच्या शेंगा मोडता मोडता गेली. हृदयविकाराचा झटका. आता सव्वा महिना झाला. विचारणाऱ्यांचंही चुकलं नाही म्हणा... जाफराबाद तालुक्यात तिची ओळखच 'मोटारसायकलवाली नर्सबाई' अशी होती. आरोग्य उपकेंद्रातल्या नोकरीत सुरुवातीची वर्षं एसटीची आणि जीपची वाट बघण्यात गेली. मग एका सुट्टीत तिने मामांकडून, म्हणजे तिच्या यजमानांकडून, गाडी शिकून घेतली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत लसींचा डबा मागे बांधून ती गावोगाव फिरली.

जालन्याच्या एमआयडीसीत रोज दुचाकीने ये-जा करणाऱ्या आम्ही काही जणांनी एक मंडळ काढलंय. चांगली आणि सुरक्षित गाडी चालवणाऱ्याला आम्ही दरवर्षी पुरस्कार देतो. आत्या निवृत्त झाली त्या वर्षी तिचा अर्ज मीच भरला. 'आजवर झालेले अपघात' या रकान्यात सरकारी थाटात 'निरंक', म्हणजे एकही नाही, असं लिहिलं आणि सहीपुरता कागद तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावून सगळा वाचला. 'निरंक'वर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'एक'.

"आत्या, कुणालाच माहीत नाही, मग कशाला लिहितेस?"

"मला माहीत हाये न्हवं. मंग?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी शेजारच्या गावची आशा सेविका कांताबाई तिच्या मागे बसली होती. लसीकरणाला उशीर झाला होता. वळणावर खडी पसरलेली होती, गाडी घसरली. आत्याला खरचटलं, कांताबाईचं मनगट मोडलं. आरोग्य खात्यातल्या साहेबांच्या कानावर गेलं तर नर्सबाईची गाडी बंद होईल, म्हणून कांताबाईने घरीदारी सांगितलं, अंगणात पाय घसरला. आत्या गप्प राहिली. प्लास्टर निघेपर्यंत मात्र रोज सकाळी ड्युटीच्या आधी जाऊन तिच्या घरच्या भाकरी थापून यायची. "लई जोरात गेल्ते मी," ती म्हणाली, "तेवढी घाई नव्हती रे..."

आमचा नियम सरळ होता, अपघात असला की अर्ज बाद. पुरस्कार दुसऱ्याला गेला. मला राग आला होता, तो मी तिच्यावरच काढला. ती शांतपणे म्हणाली, "बराबर झालं. नियम तुमचाच हाये."

पण तो खोडलेला कागद मंडळात हातोहात फिरला. आमचे अध्यक्ष रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन आहेत. बैठकीत ते म्हणाले, "मी सोता दोनदा पडलो. आपण न पडलेले शोधून राह्यलो का लपवणारे?" त्याच बैठकीत नियम बदलला. अर्ज बाद करायचा नाही, त्याऐवजी विचारायचं, 'अपघातानंतर तुम्ही काय बदललं?' पुढच्या वर्षी आत्याने त्यापुढे लिहिलं, 'मागे बसणारीसाठी दुसरं हेल्मेट घेतलं. घरून पंधरा मिनिटं आधी निघू लागले. उशीर झाला तर उशीर झाला असं सांगू लागले.'

पुरस्कार तिला मिळाला. व्यासपीठावर तिने कांताबाईला शेजारी बोलावलं. कांताबाईने माइक हातात घेतला आणि म्हणाली, "इतके दिस मी अंगणात पडले म्हनून सांगत आल्ते. आज बाईनं मला भर सभेत खोटं पाडलं." सगळे हसले. त्या दोघी मात्र रडत होत्या.

तेरावं झाल्यावर पुरस्काराला आत्याचं नाव द्यावं असं मंडळात ठरलं. विचारायला मी मामांकडे गेलो. त्यांनी चहा केला, कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "नाव नका देऊ. नाव दिलं का लोक तिला कधीच न चुकलेली करून टाकतील. तुमचा तो प्रश्न तेवढा ऱ्हाऊ द्या."

यंदाचे अर्ज सध्या माझ्या टेबलावर आहेत. एकाला त्या प्रश्नाखालची जागा पुरली नाही, त्याने मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलंय. काल संध्याकाळी ते वाचून मी स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी माझा गुडघा कंपनीच्या जिन्यात फुटला नव्हता. मी गाडी चालवताना फोनवर बोलत होतो.

तिने गॅस बारीक केला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पट्टी बांधतानाच आत्यांनी ओळखलं होतं. मला म्हणाल्या, तू इचारू नको. त्याचा तो सांगंल."