रुपयाला नऊ आणे

माझ्या लेकरांनो,

रंगूनहून आलेल्या पत्रात तुम्ही विचारले आहे की, आपल्या पणजोबांनी कापसात दिवाळे काढून सावकाराला बुडवले, असे तिथले एक वऱ्हाडी गृहस्थ सांगतात, ते खरे का. खरे नाही. त्या वेळच्या घरातल्या माणसांपैकी आता मी आणि माझा धाकटा भाऊ एवढेच उरलो आहोत, आणि तो तेव्हा पाळण्यात होता. तेव्हा हे मीच लिहायला हवे.

माझे वडील अमरावतीला कापसाची अडत करत. अमेरिकेत युद्ध चालू होते तोवर आमच्या कापसाला विलायतेत इतकी मागणी होती की सकाळचा भाव संध्याकाळी शिळा वाटे. ते पाहून वडिलांनी घर गहाण ठेवले आणि अडतीवर न थांबता स्वतःच कापूस घेतला. युद्ध संपल्याची बातमी आली तेव्हा माल अजून कोठारातच होता. तो निम्म्याहून कमी भावाने गेला.

सावकार आमच्याच गल्लीच्या टोकाला राहत. त्यांनी फिर्याद केली असती तर घर लिलावात गेले असते. वडील महिनाभर रोज सकाळी त्यांच्या बैठकीत जाऊन बसले. रुपयाला सहा आणे एकरकमी देतो, बाकीची सूट द्या, असे वडील म्हणत. सावकार बारा आण्यांखाली उतरत नसत. पुढे लग्न झाल्यावर तुमच्या आजोबांच्या इंग्रजी कायद्याच्या पुस्तकांत मी असाच व्यवहार वाचला. तिथे तो चार ओळींत आटोपतो. आमच्याकडे नऊ आण्यांवर जमायला पौष उजाडला. सावकारांनी एकच अट घातली. "घरात गुंजभर सोनं लपवून सूट मागाल, तर बोलणं मोडलं."

वडिलांनी आईचे सगळे सोने अकोल्याला नेऊन विकले. इथल्या सोनाराकडे दिले असते तर संध्याकाळपर्यंत गावभर झाले असते. छकड्याने गेले आणि पाचव्या दिवशी परतले. ठरलेली रक्कम जमली.

ती सावकारांकडे पोचवायच्या आधी मधे संक्रांत आली. सावकारांच्या बायकोने हळदीकुंकवाचे बोलावणे धाडले. न जाणे म्हणजे त्या घराचा अपमान, आणि नुसत्या काचेच्या बांगड्या घालून जावे तर बायका मनगटाकडेच बघणार. आईने शेजारच्या पाटलीणबाईंच्या सोन्याच्या पाटल्या एका दुपारपुरत्या मागून घेतल्या. वडिलांना विचारले नाही. मी तिच्याबरोबर वाण घेऊन गेले होते, आणि मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी वडील पैशांची थैली घेऊन गेले आणि थैलीसकट परत आले.

"सोळा आणे मागतोय," ते ओसरीवर बसत म्हणाले. "काल तुझ्या हातात पाटल्या होत्या म्हणे. कोणाच्या?"

आईने सांगितले. ते रागावले नाहीत. "माझा शब्द आता तिथे चालणार नाही," एवढेच म्हणाले.

आई परसात जाऊन रडली. भिंतीपलीकडून पाटलीणबाईंनी ऐकले आणि आल्या. आईला म्हणाल्या, "रडून काय राहिली बाई? चाल माह्यासंगं." मला हाताला धरून आईही निघाली. मागून वडील, थैली घेऊन.

सावकार गादीवर टेकून बसले होते. पाटलीणबाईंनी पाटल्या काढून त्यांच्यासमोर ठेवल्या.

"काहून हो सावकार, पाटल्या कोनाच्या हायेत थे इचारलं काय तुमी? माह्या सासूच्या हायेत. मी देल्या होत्या हिले."

"तुम्ही शेजारीण. तिच्या बाजूनंच बोलणार."

"मंग घाला हिच्या हातात. पाहा कशा राह्यतात तं."

सावकार काही बोलायच्या आत आतल्या दाराआडून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "काल कुंकू लावताना कोपरापर्यंत घसरत होत्या. मापाच्या नव्हत्याच. मला तेव्हाच समजलं होतं."

"मग रात्री नुसतं पाटल्या पाटल्या कशाला सांगितलंस?"

"तुम्ही पुरतं ऐकलंत कुठं?"

पाटलीणबाई मोठ्याने हसल्या. सावकार हसले नाहीत, पण कान लाल झाले. वडिलांकडे वळून म्हणाले, "बसा. मोजा."

वडील बसले, पण थैली त्यांनी गुडघ्याखालीच ठेवली. "आधी कर्ज फिटल्याचा कागद," ते म्हणाले. "पैसे दिल्यावर फारखत उद्या देतो म्हणणारे मी पाहिलेत."

"अजून तोरा गेला नाही तुमचा," सावकार म्हणाले. तरी त्यांनी गहाणखत काढले, वडिलांच्या सहीचा कोपरा फाडला आणि मागे स्वतःच्या हाताने लिहिले: नऊ आण्यांप्रमाणे एकरकमी भरून पावलो, उरलेली राजीखुशीने सोडली, घरावर हक्क राहिला नाही. पाटलीणबाईंनी साक्षीचा अंगठा उठवला. बाईमाणसाची साक्ष कशाला, असे सावकार पुटपुटले. त्यावर आतून पुन्हा आवाज आला, "असू द्या." मग थैली गुडघ्याखालून निघाली.

तेव्हा त्या गृहस्थांना सांगा की कोणाला बुडवले नाही. जे ठरले ते दिले, आणि जे सुटले ते घेणेकऱ्याने स्वतः लिहून सोडले. आईने पुन्हा सोने केले नाही. वडील कापसातली सरकी काढायच्या एका जिनात कारकून झाले.

फारखत माझ्याजवळ आहे. घर आजही आपलेच आहे. त्यात माझा भाऊ राहतो.