दाजींचा उजवा पाय

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बोलायला फटकळ आणि ऐकायला ठार बहिरे. कान शाबूत होते, पण दुसऱ्याचं ऐकायचं नाही हा त्यांचा नेमच होता. तरी लोक लांबून लांबून आमच्या गॅरेजात गाड्या आणायचे, ते दाजींच्या उजव्या पायासाठी. रेसच्या गाडीचा ब्रेक कुठवर दाबला की चाक रस्ता धरून ठेवतं आणि कुठे जाम होऊन गाडी घसरायला लागते, त्या दोन्हींमधली केसाएवढी जागा दाजींच्या तळपायाला कळायची. पायगुण लोक सुनेचा बघतात, आमच्याकडे तो जावयाचा निघाला, असं आई म्हणायची. त्या पायावर दोन घरं जेवत होती, त्यांचं आणि माझं.

गाडीची चाचणी घेताना दाजी कानात कापूस घालायचे. "कान घाबरवतो, डोळा फसवतो, पाय खोटं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी ते ऐकून इतका विटलो होतो की त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच पुरं करायचो, आणि ते मला पाना फेकून मारायचे. पाना लागायचा नाही. नेमका शेजारी पडेल असाच फेकायचे.

ती गाडी दातांच्या डॉक्टरांची होती. माणूस सरळ. आठवडाभर लोकांच्या तोंडात बघून कंटाळला की सुटीला रेसच्या ट्रॅकवर जायचा. गाडीचं इंजिन वाढवलेलं, मागची सीट काढलेली, सायलेन्सर असा की गाडी सुरू झाली की माणसांनी गप्प बसावं. त्यांना ब्रेकमधली एबीएसची पेटी काढून हवी होती. जोरात ब्रेक दाबला तर चाक जाम होऊ नये म्हणून ती पेटी स्वतःच ब्रेक सोडते, धरते, पुन्हा सोडते, आणि पेडल पायाखाली थरथरत राहतं. ट्रॅकच्या एका खडबडीत वळणावर ती पेटी नको तेव्हा ब्रेक सोडायची, अशी त्यांची तक्रार.

"रस्त्यावर चालवणार असाल तर हात लावणार नाही," दाजी म्हणाले.

"नाही, फक्त ट्रॅकवर. गाडी ट्रकवर घालून नेतो मी."

"मग काढू. धडधाकट माणसाच्या हातात काठी कशाला?"

पेटी मी काढली, नवे पाइप मी वाकवले, पुढच्या आणि मागच्या चाकांना किती दाब जायचा ते ठरवणारा व्हॉल्व्ह मी बसवला. दाजी स्टुलावर बसून चुका काढत होते. हल्ली ते स्टूल सोडत नसत. मी म्हणायचो, दाजी आता मालक झाले.

त्याच दिवसांत एकदा ते कोपऱ्यावर चहाला गेले आणि एकाच पायात चप्पल घालून परत आले. ताई डबा घेऊन आली होती. "अहो, उजवी कुठे राहिली?" असं तिने विचारलं, तेव्हा कुठे त्यांनी खाली पाहिलं. आम्ही पोट धरधरून हसलो. चप्पल रस्त्याच्या मधोमध सापडली. आता त्या हसण्याची मला किळस येते. दाजींना मधुमेह होता हे आम्हाला काय ठाऊक नव्हतं? "सगळी साखर रक्तात गेली, जिभेवर उरलीच नाही," हा तर ताईचाच विनोद.

गॅरेजच्या मागे एका बंद कारखान्याचं काँक्रीटचं अंगण आहे, तिथे चाक जाम व्हायच्या टोकापर्यंत दाबून आम्ही ब्रेक बघायचो. त्या सकाळी मी ते झाडून काढलं. दाजींनी कापूस घातला, सीटवर बसले. मी आणि डॉक्टर बाजूला उभे राहिलो. गाडी वेगात आली, ब्रेक लागला, पुढची दोन्ही चाकं जागच्या जागी थांबली आणि गाडी तशीच घसरत पुढे गेली. आता पाय उचलतील, असं मला वाटलं. उचलला नाही. त्यांनी गाडी वळवून नेली आणि पुन्हा तेच केलं. तिसऱ्या वेळी तर चाकांतून धूर आला.

दाजी उतरले, कापूस काढला. चेहरा अगदी कामातला. "अजून जाम होत नाहीये," ते मला म्हणाले. "पुढे आणखी दाब दे."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. आमच्या तोंडांकडे पाहून दाजी मागे वळले. अंगणाच्या मध्यापासून गाडीच्या चाकांपर्यंत काळे पट्टे ओढलेले होते.

"हे कुणाचे?" त्यांनी विचारलं.

जुने आहेत म्हणालो असतो तर त्यांना बरं वाटलं असतं. पण मग हीच गाडी डॉक्टर ट्रॅकवर नेणार होते. "तुमचेच, दाजी. मी सकाळी झाडलंय."

"नाही रे. पायाला कळलं असतं."

मग बॉनेटला धरून ते हळूहळू खाली वाकले आणि पुढच्या टायरवरून हात फिरवला. घासून टायर एका जागी सपाट झाला होता. हाताला कळलं. त्यांनी हात तिथेच ठेवला, आणि थोड्या वेळाने तिथेच जमिनीवर बसले.

"पायाला मुंग्या येतात का?" डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं.

"यायच्या. आता त्याही येत नाहीत."

"कधीपासून?"

"चप्पल पडली त्याच्या बऱ्याच आधीपासून."

मला इतका राग आला की मी मोठ्या माणसाशी बोलतोय याचं भान राहिलं नाही. "आणि तरी बसलात? समोर भिंत आहे, दाजी. माझ्या बहिणीला काय सांगायचं होतं मी?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला वाटलं, पेडलवर ठेवला की त्याला आठवेल."

डॉक्टर एका शब्दानेही वाकडं बोलले नाहीत. "जे होतं तेच परत बसवा," एवढंच म्हणाले. "तुमच्या पायाच्या भरवशावर काढत होतो, दुसरा पाय कुठून आणू?" ओरडले असते तर दाजींना सोसलं असतं. पण बातमीला पाय फुटायचे ते फुटलेच. पुढच्या महिन्यात ठरलेल्या दोन गाड्या आल्या नाहीत, आणि त्यानंतर कुणी विचारायलाही आलं नाही. दवाखान्यात सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते जपा. ताई रोज चष्मा लावून त्यांचे तळवे तपासते. कुठे काही टोचलं असेल तर ते तिला दिसतं, त्यांना कळत नाही. ती आता साखरेवरून विनोद करत नाही, आणि घरात कुणी हसलं की दोघंही दचकल्यासारखे बघतात.

डॉक्टरांच्या गाडीत पेटी परत बसवली तो दिवस मात्र डोक्यातून जात नाही. पाइप जोडले की त्यांतली हवा काढावी लागते. एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचं निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, उघडायचं. बसलेला माणूस "दाबलंय" म्हणाला की मगच उघडायचं; पेडल खरंच दाबलेलं असेल तरच तिथून ब्रेकचं ऑइल बाहेर येतं. हे बसायचं काम कुणाचाही पाय करतो, म्हणून आमच्याकडे ते कायम माझं होतं. त्या दिवशी दाजी आपणहून दार उघडून सीटवर बसले. मी पाना घेऊन खाली गेलो.

"दाबा, दाजी."

मी खालून डोकं काढून पाहिलं. ते मान पार खाली घालून स्वतःच्या पायाकडे बघत होते, स्टिअरिंगखालच्या अंधारात पेडल शोधत.

"दाबलंय का रे?" त्यांनी विचारलं.

मी निपल उघडलं. ऑइल माझ्या मनगटावर आलं.

"दाबलंय," मी म्हणालो.