कासिमाली आके दारात आले की

कासिमाली आके आमच्या गावचे जुने पोस्टमन. वय एकाहत्तर; मोठ्या माणसाला आम्ही मानाने 'आके' म्हणतो. पेन्शन सुरू झाली तरी एक काम त्यांच्या गळ्यातून सुटलं नाही, ते म्हणजे मरणाची बातमी सांगणं. आमच्याकडे ती बातमी कुणाच्या तोंडावर फेकत नाहीत. दोन पांढऱ्या दाढीचे म्हातारे सोबत घ्यायचे, लोकरी फेल्टच्या उंच टोप्या चढवायच्या, अंगणात जायचं आणि आधी म्हणायचं, "काही झालेलं नाही, जरा आजारी आहे." मग हळूहळू पुढचं. पूर्वी तारा यायच्या, आता मॉस्कोहून फोन येतात. गावातली निम्मी पोरं तिकडेच विटा रचतात नाहीतर बर्फ उपसतात.

मी शाळेतली मास्तरीण, मला चौकशीचा रोगच. आकेंना मी एकदा विचारलं, "पहिलं वाक्य खोटं बोलताना काही वाटत नाही?"

"वाटतं तर. पण तेवढ्या वेळात शेजारणी येऊन पोचतात. एकट्या बाईला सांगायचं नसतं."

गेल्या सप्टेंबरात गावसभेत ठरलं की मयताच्या जेवणाला एकाच्या वर घोडा कापायचा नाही. राजधानी बिश्केकमधले लोकही हेच ओरडतायत, पण घरोघर सह्या मागायला कोण जाणार? अर्थात आके. त्यांनी दोन म्हातारे घेतले. गावाचं काम म्हणून तिघांनी चांगल्या, त्याच उंच टोप्या घातल्या. मी वही घेऊन मागे. एवढी शिकलेली मी, पण माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

पहिलं घर बुरुलचाचं. ती विधवा. एकुलता एक तिलेक मॉस्कोत, आणि चार महिने त्याचा फोन नाही. ती अंगणात दुधाची किटली घासत होती. तिघांना बघितलं आणि किटली हातातून सुटली.

आके घाईघाईने म्हणाले, "बुरुलचा, काही झालेलं नाही!"

झालं! ती मटकन खाली बसली आणि केस सोडून विलाप करायला लागली.

"अगं, खरंच काही नाही! सहीला आलोय सहीला!"

"सांगून टाका, आके. आता म्हणाल आजारी आहे. माझ्या नवऱ्याच्या वेळीही असंच म्हणाला होतात."

आवाज ऐकून शेजारी धावले. पुरुष रीतीप्रमाणे भिंतीला टेकून "अरे माझ्या भावा!" म्हणत रडायला लागले. एक जण तर घोडा आणायलाही निघाला, त्याला मी बाहीला धरून थांबवला. मला हसू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

रडारड थांबल्यावर बुरुलचाने डोळे पुसले. "मेला नाही म्हणता. मग आहे कुठे?"

आकेंनी टोपी काढून काखेत धरली. सही न मागताच आम्ही परतलो.

पुढचे तीन दिवस शाळा सुटली की आके माझ्या वर्गात बसून फोन लावत. मला बघायचंच होतं की हा माणूस शोधतो कसा. अर्धवट पत्त्याचं पत्र पोचवावं तसं चाललं होतं. आधी गावचाच एक पोरगा, मग त्याचा मुकादम, मग तिलेकच्या खोलीतला सोबती. "कामाचे कागद नव्हते, उन्हाळ्यात मायदेशी परत पाठवला त्याला," सोबती म्हणाला. शेवटी तिलेक सापडला बिश्केकमध्ये. इथून सहा तासांवर, गाड्या धुताना!

"आके, आईला सांगू नका," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "रिकाम्या हाताने घरी कसा येऊ?"

"गाढवा, शवपेटीतून येतात ते काय हात भरून येतात? तुझ्या नावाने रडून झालंय गावात. गुपचूप मिनीबसमध्ये बस."

शुक्रवारी तो आला. बुरुलचाने त्याचे खांदे चाचपले, कान चाचपले. मग एक सणसणीत कानाखाली दिली आणि चहाचं आधण ठेवायला आत पळाली. मला इतका आनंद झाला की सहीची वही मी तिथेच विसरले.

सकाळी ती आणायला निघाले, तर वाटेत आकेंच्या फाटकाशी अकरा बायका उभ्या. प्रत्येकीच्या हातात चिठ्ठी. कुणाची सून बेपत्ता, कुणाचा नवरा, बहुतेकींचे मुलगे. शेवटचा फोन कधी, कुठल्या शहरातून, सगळं लिहिलेलं.

"तुम्ही आमच्या दारात येऊ नका, आके," त्यातली एक म्हणाली. "आम्हीच आलोय."

आके बोडक्या डोक्याने बाहेर आले आणि एकेक चिठ्ठी वाचून खिशात घालू लागले. सगळ्यात मागे गुलबारा म्हातारी होती. तिच्या चिठ्ठीवर नुसतं मुलाचं नाव होतं.

"पत्ता?" आकेंनी विचारलं.

"तोच तर विचारायला आलेय, बाबा."