कापलेले अकरा सेकंद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय — खरंच माहीत नाही.

विनय माझा मित्र. जुईनगरला शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायचा. मराठीत रॉक गाणी लिहायचा, इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून गायचा — लोक हसायचे तेव्हा. एकही अल्बम निघाला नाही, आणि तो फार लवकर गेला. उरल्या त्या मी भरलेल्या कॅसेट. जयंतीचा स्टेज, कॉलेजचं गॅदरिंग, सोसायटीची गच्ची... तो गायला की मी टेपरेकॉर्डर घेऊन पुढे बसलेलो. आता ती रेकॉर्डिंग मी इंटरनेटवर टाकतो. कुठल्या कार्यक्रमात तार तुटली, कुठे त्याने कडवं बदललं, आज कुठला बँड त्याचं कुठलं गाणं गातो — सगळं माझ्या वहीत. विनयबद्दल काही विचारायचं असलं की लोक मलाच फोन करतात. मला ते आवडतं. फार आवडतं.

सगळ्यात गाजलेलं गाणं 'भरावाची जमीन'. खाडी बुजवून उभ्या राहिलेल्या आपल्या या शहराचं. स्टेजवर तो ते एकदाच गायला, आणि ते रेकॉर्डिंग फक्त माझ्याकडे. ते टाकताना मी सुरुवातीचं कापलं. तसं सगळेच कापतात — माइकची खरखर, 'हॅलो हॅलो', गिटार लावणं. मी मात्र — कसं सांगू — खरखर ठेवली. बोलणं कापलं. अकरा सेकंद.

का? मीही त्याला शब्द लिहून द्यायचो हो. वह्याच्या वह्या. त्यातली एकही ओळ त्याने गायली नाही. विनय फक्त स्वतःचेच शब्द गातो, अशी मी मनाची समजूत घातली होती. पुढे तेच सगळ्यांना सांगत सुटलो. मला कुणी विचारलं होतं?

मग सुजाताचा फोन आला. विनय होता तेव्हा ती आमच्याच सेक्टरमध्ये राहायची, आता उलव्याला असते. ते गाणं तिने लिहिलं होतं. तिने हे घरी सांगितलं, तर तिची मुलगीच हसली.

"दादा, त्यानं माइकवर माझं नाव घेतलं होतं. मी स्टेजखालीच उभी होते. तुमच्या कॅसेटमध्ये असंल ना?"

मी म्हणालो, बटण मी उशिरा दाबलं होतं.

ती म्हणाली, "मलाच भास झाला असंल."

त्यानंतर कितीदा फोन हातात घेतला — आणि ठेवून दिला. कोणत्या तोंडाने बोलणार होतो?

गेल्या महिन्यात वाशीला एका बँडने ते गाणं गायलं. गाणं जपलं म्हणून मला स्टेजवर बोलावून शाल दिली. खाली उतरलो तर समोर सुजाता, मुलीला घेऊन.

"नमस्कार कर यांना," ती मुलीला म्हणाली. "यांच्यामुळं वाचलं गाणं."

मुलगी वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.

कॅसेट माझ्या कपाटात आहे. अजून नीट वाजते. विनय म्हणतो, "हे शब्द माझे नाहीत हां. सुजाताचे आहेत. ती बघा, खाली उभी आहे." मग टाळ्या वाजतात.

त्याही मी कापल्या.