पुण्याहून ताप घेऊन चिखलदऱ्याला

ही सहल रद्द करायला आमच्याकडे भरपूर कारणं होती. देशभर फ्लूची साथ पसरत होती, दवाखान्यांत तापाच्या रुग्णांसाठी वेगळ्या रांगा लागल्या होत्या. प्रज्ञा, म्हणजे माझी बायको, एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. तिथे सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. सोबत येणाऱ्या दोन मित्रांच्या कुटुंबांनी माघार घेतली. उरलो मी आणि अकोल्याचे माझे सासरे.

बाबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. बावीस वर्षं त्यांनी परतवाडा ते चिखलदरा घाटात गाडी चढवली-उतरवली, पण वर एकही मुक्काम केला नाही. गाडी पोचली की चहा प्यायचा आणि परत फिरवायची. "लोकायले पॉइंट पाहाले नेलं, अन् मी सोता फक्त स्टँड पाह्यला," ते दर दिवाळीला म्हणायचे. यंदा मी तिकीट काढूनच टाकलं. एरवी महिना महिना आधी न मिळणारं अकोल्याचं आरक्षण चार दिवस आधी मिळालं, तेही खिडकीजवळचं. साथीचा हा एक फायदा.

"बाबांनी लस घेतलीय. तूच राहिलायस," प्रज्ञा म्हणाली. "निघायच्या आधी घे."

"घेतो," मी म्हणालो. घेतली नाही.

अकोल्याला उतरलो तेव्हा घसा किंचित खवखवत होता. गाडीतल्या एसीमुळे असेल, अशी मीच माझी समजूत घातली. जठारपेठेतल्या सासुरवाडीत बाबा बॅग भरून, कानटोपी घालून तयारच होते. आदल्या दिवशीपासून तयार होते म्हणे. त्या चेहऱ्याकडे बघून माझ्या घशाचा विषय काढणं मला जमलं नाही. तापाची एक गोळी घेतली आणि निघालो.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: अकोल्याहून अकोट, अंजनगावमार्गे परतवाडा साधारण तीन तास. रस्ता मधे मधे उखडलेला आहे, पण दोन्ही बाजूंना तूर आणि हरभरा बघत वेळ जातो. परतवाड्याहून वर जाणारी एसटी घ्या, जीपपेक्षा स्वस्त पडते. पासष्टच्या पुढच्यांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरच्या पुढे फुकट. स्टँडसमोर आलूबोंडा आणि कढी मिळते, ती चुकवू नका.

एसटीत आम्ही धरून सात माणसं. कंडक्टर म्हणाला, "तापाच्या धाकानं कोणी येऊनच नाई राहिलं जी. एरवी या दिवसांत उभ्यानं जातेत लोकं."

बाबा ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले आणि घाट सुरू होताच त्यांचा पाय आपोआप ब्रेक दाबू लागला. तिसऱ्या वळणावर राहवलं नाही. "भाऊ, हे वळण दुसऱ्यावर घ्याले पायजे. तू काहून तिसऱ्यावर घेऊन राहिला?"

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. "काका, तुमी किती वर्सं चालवली?"

"बावीस."

"मंग बरोबर हाय," असं म्हणून त्याने खरोखर गिअर बदलला. उरलेला घाट बाबा राजासारखे बसून होते.

आमचा मुक्काम शोभाताईंच्या घरी होता. बाजारापासून दहा मिनिटांवर पाहुण्यांसाठी चार साध्या खोल्या, मागे त्यांचं स्वतःचं राहतं घर, अंगणात चूल. दोन वेळच्या जेवणासकट खोलीचं भाडं एरवीच्या निम्मं सांगितलं, कारण महिनाभरात गिऱ्हाईकच नव्हतं. त्यांची सून प्रीती आठव्या महिन्यात होती. तिनेच पाणी दिलं, तिनेच ज्वारीची गरम भाकर, वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा वाढला. मी दोनदा खोकलो. "ठेचा लागला का जी?" तिने हसून विचारलं. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चहा घेत होतो. गोळीच्या जोरावर मी उभा होतो, पण हाडं दुखत होती. तेवढ्यात फाटकातून गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, आशाताई, आल्या, हातात तापाच्या सर्वेक्षणाची वही. बाबांना त्यांनी "जय भीम" केला आणि शोभाताईंना विचारलं, "घरात कोनाले ताप, सर्दी, खोकला?"

"नाई वो माय. सगळे चांगले हायेत. पावणे दोघंच, तेही ठणठणीत."

आशाताईंनी लिहायला सुरुवात केली. प्रीती माझ्या कपात चहा ओतत होती. तिच्या हातात आणि माझ्या तोंडात वीतभर अंतर असेल. मला एकदम घाम फुटला, आणि तो तापाचा नव्हता.

"मला आहे," मी म्हणालो. "घसा काल सकाळपासून. ताप आहे, गोळी घेऊन दाबलाय."

बाबांनी कप खाली ठेवला. शोभाताई उठल्या, आधी प्रीतीला दंडाला धरून दहा पावलं मागे नेलं आणि मग माझ्याकडे वळल्या.

"काल सकाळपासून? मंग माह्या सुनेच्या हातचं जेवले तवा तोंडाले कुलूप होतं काय?"

पुण्यात यालाच आम्ही फटकळ म्हणतो. त्या अंगणात तो शब्द सुचलाही नाही, कारण बाई शंभर टक्के बरोबर होती.

आशाताईंनी मला मास्क दिला आणि सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फ्लूच सांगितला, औषध दिलं, ताप जाईपर्यंत खोलीबाहेर पडायचं नाही म्हणाले. प्रीतीलाही तपासून औषध सुरू केलं, कणकण जरी वाटली तरी लगेच यायला सांगितलं. मी शोभाताईंना म्हणालो, "मी दुसरीकडे जातो." त्या म्हणाल्या, "अन् तिथल्या लोकायले देता काय? इथंच पडून राहा."

मग मी पडून राहिलो. जेवणाचं ताट खोलीच्या दाराशी ठेवलं जायचं, एक टकटक, आणि पावलं लांब. पण ताटात कधी लसणाचं वरण, कधी मऊ खिचडी. रागावलेल्या माणसाने इतकं चांगलं रांधलेलं मी पहिल्यांदाच खाल्लं.

बाबांनी वेगळी खोली घेतली. मास्क लावून, लोकांत न मिसळता ते एकटेच पायी फिरायचे आणि संध्याकाळी माझ्या बंद खिडकीबाहेर खुर्ची टाकून मोठ्याने अहवाल द्यायचे. "आज देवी पॉइंट पाह्यला. खाली दरी अशी का, आपली गाडी काडेपेटीवानी दिसली असती. बरं झालं तवा नाई पाह्यली, घाटात हातच चालले नसते!" भीमकुंडाजवळ त्यांनी दोन तास काढले. गाविलगडाच्या दरवाजापर्यंत गेले, गुडघ्याने नको म्हटलं म्हणून तिथेच बसून शेंगदाणे खाल्ले. मी आत ताप मोजत होतो आणि हसत होतो.

तिसऱ्या दिवशी खिडकीतूनच शोभाताईंचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. अमरावतीचं बारा जणांचं कुटुंब शनिवारी येणार होतं. त्या महिन्यातली तेवढीच एक मोठी मागणी. पलीकडून विचारलं असावं, तिकडे साथ नाही ना? "हाये," त्या म्हणाल्या. "माह्या घरातच एक पुण्याचा माणूस पडला हाये. शनवारी नका येऊ." फोन ठेवून त्या चुलीकडे वळल्या आणि त्यांनी माझ्यासाठी खिचडी टाकली.

पाचव्या दिवशी ताप गेला. बाबांचं एक दिवस अंग दुखलं, तेवढंच. प्रीतीला रोज आशाताई विचारून जायच्या आणि रोज ती "काईच नाई" म्हणून हसायची. ताप जाऊन एक दिवस पूर्ण झाल्यावर, सातव्या दिवशी, आम्ही निघालो. मी लांबूनच प्रीतीला हात जोडले. "चूक झाली," मी म्हणालो. "पुढच्या खेपेले सांगत जा जी," ती म्हणाली.

बाबा परतवाड्याहून अकोल्याला गेले. मी अमरावतीला तिथला दह्यातला गिला वडा खाऊन, मास्क लावून, बडनेऱ्याहून गाडी धरली. घरी प्रज्ञाने पहिल्या दिवशी मला झापलं आणि दुसऱ्या दिवशी दोनदा झापलं.

आता तुम्ही विचाराल, साथीत जावं का? मला वाटतं, त्या गावावर साथीचा मार दोनदा पडतो, एकदा ताप येऊन आणि एकदा माणसं न येऊन. म्हणून जा जरूर, अंग ठीक असेल तर. नसेल तर आधी सांगा, घरच्यांनाही आणि ज्यांच्या दारात उतरणार त्यांनाही. चिखलदऱ्यात मी एकही पॉइंट पाहिला नाही. पण आपल्या सहलीची किंमत दुसऱ्याच्या घरात कुणाला मोजावी लागू शकते, ते मी तिथे शिकलो, आणि तिथल्याच माणसांनी मला बरं करून पाठवलं.

तीन आठवड्यांनी शोभाताईंना फोन केला. मागे भांड्यांचा आणि पोरांचा दणदणाट.

"थे अमरावतीचे आले," त्या ओरडून म्हणाल्या. "म्हणतेत, बाकी सगळे खोलीवाले 'काई नाई, या' म्हणत होते, तुमीच एकल्या खरं बोलल्या. बारा नाई, अठरा आले! अन् प्रीतीले पोरगी झाली, दोघी मस्त हायेत. आता ठेवा फोन, माह्या भाकरी करपून राहिल्या."