कापलेली चार मिनिटं

भुताखेतांच्या गोष्टींना हसणारी बाई आहे मी. चाळीत कोणाच्या अंगात आलं की दार लावून टीव्हीचा आवाज वाढवायचे. त्यात माझं कामच आवाजाचं... अकरा वर्षं सरकारी रेडिओवर कॅज्युअल म्हणून, म्हणजे कायम नोकरी नसताना, गप्पांच्या कार्यक्रमांचं एडिटिंग करतेय. आवाज कुठे कापायचा, कुठे जोडायचा, सगळं माहीत. म्हणूनच हे कोणाला सांगायची सोय नाही. इथे लिहितेय.

गेल्या वर्षी आमच्या कार्यक्रमात गिरणगावावर गप्पा ठरल्या. जुना कामगार हवा होता. म्हटलं, घरातच आहे की! माझे अप्पा. वय अठ्ठ्याहत्तर, करी रोडच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, आणि रेडिओ दिवसभर उशाशी.

मुलाखत घेणारे सर दादरचे, भरपूर वाचलेले. अप्पा म्हणाले, "सुरुवातीला मी बदली होतो." सरांनी विचारलं, "कुठून बदली झाली होती?" नोकरदार घरातल्या माणसाला बदली म्हणजे ट्रान्सफरच! अप्पा खो खो हसले. "बदली झाली नाय ओ, मीच बदली! कायमवाला आला नाय की त्याच्या जागी आमी. रोज सकाळी गेटावर जाऊन उभं राहायचं, आज कोण खाडा करतो बघत."

आणि मग एकदम अप्पांचा आवाज बदलला.

"गोविंदा म्हणून होता, घोडपदेवचा. त्याचा बदली मी. संपात सगळे बाहेर होते, आणि मी संप मिटायच्या आधीच आत गेलो. त्याचाच माग चालवायला. त्याला परत घेतलाच नाय. गोविंदा, असशील तर ऐक रे. तुझा डबा टांगायचा खिळा होता ना, त्यावर माझा डबा मी कधी टांगला नाय. माझं चुकलं. माफ कर. मी अजून तिथेच आहे, त्याच खोलीत." मध्येच ठसका लागला. मी धावत स्टुडिओत जाऊन पाणी दिलं.

एवढ्या वर्षांत घरात एक अक्षर नाही! आईलाही माहीत नसावं. संपात आत गेलेल्या माणसाचं नाव आमच्याकडे कसं घेतात ते मी लहानपणापासून ऐकलंय. आणि अख्खी चाळ हा कार्यक्रम ऐकणार होती.

मी ती चार मिनिटं कापली. बदलीचा विनोद ठेवला, त्यानंतर एक गाणं लावलं, आणि मूळ रेकॉर्डिंग स्वतःच्या हाताने उडवलं. सगळ्यांना सांगितलं, वेळेत बसत नव्हतं. खोटं होतं ते. मला लाज वाटली, बस.

बुधवारी दुपारी साडेबाराला कार्यक्रम लागला. मी मुद्दाम घरी थांबले. अप्पा रेडिओ मांडीवर घेऊन बसले होते. विनोद आला, बाहेर गॅलरीत लोक हसले, आणि गाणं सुरू झालं. गाणं संपेपर्यंत अप्पा थांबले. मग दुसराच माणूस बोलायला लागला. "आपलं ते गोविंदाचं नाय लावलं?" अप्पांनी विचारलं. मी म्हटलं, "वेळ नव्हता हो." ते म्हणाले, "असूंदे गो," आणि रेडिओ बंद केला. अप्पांनी रेडिओ आपणहून बंद केलेला मी पहिल्यांदा पाहिला.

एकोणीस दिवसांनी अप्पा गेले. झोपेतच.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, रविवारी सकाळी, एक म्हातारबाबा धापा टाकत दारात आले. सोबत त्यांचा मुलगा. "मी गोविंद. घोडपदेवचा." आणि समोर हार घातलेला फोटो दिसला तसे तिथेच उंबऱ्यावर बसले.

मला वाटलं, कोणाकडून तरी गेल्याचं कळलं असेल. तर म्हणतात, "रेडिओवर ऐकला गो बाय. त्याच दिवशी निघणार होतो. पण गुडघे... मुलाला सुट्टी मिळेपर्यंत थांबलो."

मी म्हटलं, "काका, कार्यक्रमात तुमचं नाव कुठे होतं?"

"नाव? अगो, माझ्याशीच बोलत होता तो! खिळ्याचं बोलला. त्यावर डबा नाय टांगला म्हणून. मग ठसका लागला त्याला. कोणीतरी चुडा वाजवत आली, पाणी दिलं. तूच ना ती?"

रेकॉर्डिंगच्या दिवशी माझ्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, बहिणीच्या डोहाळजेवणाच्या.

मी त्यांच्या मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी कामावर होतो, पण बायको घरात होती. तिनेही ऐकलं. बाबा रडायला लागले म्हणून तिने मला फोन केला."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन त्या बुधवारचं प्रसारणाचं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. विनोद. गाणं. दुसरा माणूस. बाकी काही नाही. उडवलेली फाइल कोणाकडेच नव्हती, मीच खात्री करून उडवली होती. आमच्या इंजिनीअरला आडून आडून विचारलं, तो हसला. मीही हसले असते.

त्या रविवारी काका निघताना फोटोसमोर उभे राहिले होते. "मी कधीच सोडून दिलं होतं रे. मागाहून दुसरीकडे लागलो, पोरं शिकली. येडा, एकदा यायचं ना घरी." मग माझ्याकडे वळून विचारलं, "मी ऐकलं ते त्याला कळलं असेल ना गो?"

मी हो म्हटलं. काय सांगणार होते?

तेव्हापासून झोप गेलीय. घोडपदेवला ते कसं ऐकू गेलं ते, खरं सांगू, मला जाणूनही घ्यायचं नाही. मला एकच विचारायचंय. वाजायचंच होतं... तर त्याच वेळी, त्याच स्टेशनवर, अप्पांच्या मांडीवरच्या रेडिओत का नाही वाजलं? तेवढं ऐकलं असतं तरी माझा बाप माफी मागून गेला असता. मी त्याला ती मागूच दिली नाही, असं समजून गेला तो.